निरोपाचं गाणं मध्यंतराआधी

मंगळवार, ४ मार्च
दुकान उघडण्याआधी

भोंग्या,

थिएटरच्या नव्या मॅनेजरबाईंनी आज सकाळी फोनवर पक्कं सांगितलं: सोळा तारखेच्या रविवारी दुपारी तीनला आपल्या जुन्या थिएटरात तो सिनेमा लागणार, गाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची, सूत्रसंचालन तू करणार आणि मध्यंतरात बाबांचा सत्कार होणार. ‘डुलकीसम्राट’ म्हणून. “हा शब्द माझा नाही, तुमच्या भावाचा आहे,” हेही त्यांनीच सांगितलं. बिचाऱ्या खूश होत्या. “त्यांचा कार्यक्रम ऐकला आणि कल्पना सुचली. किती गोड गोष्ट आहे हो!” म्हणाल्या. मी फोन ठेवला, कारण मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं.

ओरडायचं आहे ते तुझ्यावर, आणि ते फोनवर जमत नाही. फोनवर तू जिंकतोस. तुझं पोट आवाजावर चालतं. माझं एक वाक्य होईपर्यंत तू तीन बोलतोस, मला हसवतोस आणि “बरं ताई, स्टुडिओत जायचंय” म्हणून मोकळा होतोस. म्हणून कागद. कागदावर मध्येच “अगं ऐक तर” म्हणता येत नाही.

परवा रविवारी तुझा रेडिओवरचा कार्यक्रम दुकानात मोठ्याने लावला होता. ‘त्या सिनेमातली तुमची आवडती गाणी’ असा विषय, म्हणजे आपल्या घराला सणच. बाबा काउंटरच्या टोकाला त्यांच्या स्टुलावर बसले होते. हातात बारका स्क्रू ड्रायव्हर, समोर कुणाच्यातरी चष्म्याची सैल झालेली काडी. तपासणीच्या खुर्चीत शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, नाकावर आमची ती जड फ्रेम. “गाणी होऊ देत, मग अक्षरं वाचते,” असं त्याच म्हणाल्या.

चौथ्या नंबरवर शिडीचं गाणं. ठीक आहे. तिसऱ्यावर पायऱ्यांचं. आईचं सगळ्यात लाडकं गाणं तिसऱ्यावर म्हणून मला राग आला, पण तो घरगुती राग होता, चहाबरोबर उतरला असता. पहिल्यावर टोप्यांचं! ज्या गाण्यात वीस माणसं तीच ओळ घोळून घोळून म्हणतात आणि शेवटी एक टोपी पाण्यात पडते, ते पहिलं? तुझ्या श्रोत्यांना माझ्याकडे पाठव. मी डोळे तपासते, पण कानही बघून घेईन.

आणि दुसऱ्या नंबरवर निरोपाचं. ते लावण्याआधी तू जे बोललास, ते मला तोंडपाठ आहे, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

“मंडळी, हे गाणं सिनेमाच्या शेवटी येतं. पण आमच्या गावात मध्यंतराआधीच यायचं! कारण आमचे तीर्थरूप सिनेमाचे ऑपरेटर, आणि मशीन चालवता चालवता घोरायचे. एकदा डुलकी लागली, दचकून उठले, घाईत भलतंच रीळ चढवलं, आणि नायक भेटायच्या आधीच नायिकेने त्याला निरोप देऊन टाकला! गावाला पत्ताच नाही. वर्षानुवर्षं तसंच चालू!”

मग घोरण्याचा आवाज. तो यंत्रातून आणलास की स्वतः काढलास?

मुख्याध्यापिका खदखदून हसल्या, मग त्यांची नजर बाबांवर गेली आणि त्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लागल्या, मी न विचारताच. बाबा स्क्रू फिरवत होते. तो केव्हाच घट्ट झाला होता. ते फिरवत राहिले, आणि काडी तडकली. सगळी उमर ज्याने नखाएवढ्या फितीला जपलं, त्या माणसाच्या हातून गिऱ्हाइकाची काडी मोडताना मी पहिल्यांदा पाहिली. “जोर जास्त झाला,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून काचा पुसताना गुणगुणत नाहीत.

आता तुला विचारते. तू बाबांच्या त्या मशीनच्या केबिनमध्ये वाढलास. रिकाम्या रिळाच्या डब्यावर बसून तू जेवायचास. चुकीचं रीळ चढवलं तर काय होतं, तुला माहीत नाही? गाणं एकटं येत नाही, त्याच्या मागचंपुढचं सगळं येतं. वीस मिनिटांची गोष्ट भलतीकडे जाते, लोक खुर्च्या फोडतात. आपल्याकडे फक्त गाणं पुढे आलं होतं. नेमकं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. म्हणजे कुणीतरी ते कापलं, दुसरीकडे जोडलं, आणि जोडावर आवाजाचा ‘टक्’ होऊ नये म्हणून फितीच्या कडेला, जिथे आवाजाची पट्टी असते तिथे, काळ्या शाईचा बारीक त्रिकोण रंगवला. मी तो त्रिकोण पाहिलाय. झोपेत रंगवतात का रे असा त्रिकोण?

बाबा त्या केबिनमध्ये एकदाही झोपले नाहीत. त्यांनी ते मुद्दाम केलं. का केलं तेही मला माहीत आहे, पण ते सांगायची मला परवानगी नाही.

तर तू दोन गोष्टी करायच्यास. रेडिओवर सांगायचं की बाबा झोपले नव्हते. आणि मॅनेजरबाईंना सांगून तो शब्द काढून टाकायचा. आई गेल्यानंतर तू बाबांना तुझ्याकडे न्यायला आलास आणि सकाळी कुणी उठायच्या आत एकटाच निघून गेलास, त्याबद्दल मी तीन वर्षांत अवाक्षर काढलेलं नाही. आत्ताही काढत नाही.

ताई


शुक्रवार, ७ मार्च
दुपार, गिऱ्हाईक नसताना

भोंग्या,

मी दोन पानं लिहिली आणि तू फोनवर आवाज पाठवलास. मागे कुणीतरी हसतंय, तू काहीतरी खातोयस. “ताई, एवढं काय त्यात? लोकांना आवडलं. बाबा किती लाडके झालेत बघ. इकडे सगळे त्यांच्याबद्दलच विचारतायत.”

इकडेही विचारतायत. काल बाबा केस कापायला गेले, तर सलूनवाला म्हणाला, “बसा काका, पण झोपू नका हं, कान कापला जाईल.” खुर्चीतला, वाट बघणारे, सगळे हसले. बाबाही हसले म्हणे. हे मला सलूनवाल्यानेच सांगितलं, कौतुकाने. आता मला सांग, ऐंशीच्या घरातला माणूस केस न कापता घरी का येतो? “गर्दी होती,” असं मला म्हणाले. मानेवर केस तसेच आहेत.

आणि आज पोस्टर आलं. मॅनेजरबाईंनी पोरगा पाठवून दुकानाच्या काचेवर लावायला दिलं. पोस्टरवर मशीन आहे, मशीनवर डोकं टेकून एक म्हातारा झोपलाय, डोक्यावर गोंडा असलेली टोपी, तोंडातून झोपेची अक्षरं वर चाललीयत. खाली: ‘गावाची गाजलेली चूक! या आणि गा!’ मी ते गुंडाळून तपासणीच्या खोलीत, फळ्याच्या मागे ठेवलं. थोड्या वेळाने बाबा आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, “चित्र चांगलं काढलंय. पण मशीनवर कुणी असं डोकं ठेवलं तर भाजेल.”

बस्स. आता मी परवानगीची वाट बघत नाही. ऐक.

सिनेमा तुला पाठ आहे, तरी एकदा पुन्हा डोळ्यांसमोर आण. पहिला अर्धा भाग टोपीवालीचा आणि तिच्या खडूस मावशीचा. मध्यंतरानंतर जहाज रंगवायला रंगारी येतो, शिडीवर चढून गातो, मग दोघं धक्क्याच्या पायऱ्यांवर भांडतात, गातात, आणि जहाज निघायची वेळ येते. मग निरोपाचं गाणं. त्यात ती एकटी आहे, हे तुझ्या लक्षात आहे का? रंगारी दिसतच नाही. रिकामा धक्का, लांब गेलेलं जहाज आणि ती.

आता बाटल्यांचा कारखाना आठव. दुपारचा खेळ पॅकिंगमधल्या बायकांनी भरायचा. त्यांची पाळी संध्याकाळी लागायची, आणि रविवारी त्यांचे नवरे-मुलं-धुणी. म्हणजे हाच एक खेळ त्यांचा. कारखान्याचा पहिला भोंगा व्हायचा तो नेमका निरोपाच्या गाण्याच्या तोंडाशी. पहिल्या भोंग्याला निघायचं, दुसऱ्याला फाटक बंद. अंधारात त्या उठायच्या, चपला शोधायच्या, एकमेकींच्या पिशव्या ओढायच्या आणि मागे बघत बघत बाहेर. रोज. वीस वीस, तीस तीस जणी. आई त्यांच्यातच होती. त्या सिनेमातलं सगळ्यात सुंदर गाणं त्या बायकांनी कधी ऐकलंच नव्हतं. “पुढे काय म्हणते गं ती?” असं बाटल्या गुंडाळताना एकमेकींना विचारायच्या, आणि कुणालाच सांगता यायचं नाही.

एका रात्री जेवताना आई म्हणाली, “अहो, वर बसून करता काय तुम्ही? खाली एवढ्या बायका उठून जातात, केबिनच्या भोकातून दिसत नाही का तुम्हाला?”

बाबा म्हणाले, “दिसतं. मी काय करू? भोंगा माझ्या हातात आहे का?”

“भोंगा नाही. फीत तर आहे ना?”

एवढंच झालं. मी ताटावर होते, तू पाळण्यातून नुकताच बाहेर आला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला केबिनमध्ये नेलं, कारण माझी नजर बारीक होती आणि हात हलत नव्हता. कात्री त्यांनी चालवली, पण शाईचा त्रिकोण मी रंगवला. मी म्हटलं ना, मी तो पाहिलाय.

आणि पुढे काय झालं ते तुझ्या शहरातल्या हुशार श्रोत्यांना सांग. आपल्या गावात चूक कुणालाच वाटली नाही. लोकांनी गोष्ट तशीच लावून घेतली. टोपीवालीने कुणालातरी निरोप दिला, मध्यंतर झालं, चहा प्यायले, आत आले, तर रंगारी हजर. लोक म्हणायचे, “आला बघ परत!” शेवटी तिच्या दुकानाची नवी पाटी दिसते आणि भिंतीला शिडी टेकवलेली असते. सगळ्या जगात ती पाटी तिने एकटीने रंगवलेली आहे. आपल्या गावात रंगारी तिथेच कुठेतरी, हात धुवायला गेलेला आहे. सगळ्या जगात तो सिनेमा सोडून गेलेल्या माणसाचा आहे, आपल्याकडे परत आलेल्याचा.

आणि हे तू एका घोरण्याच्या आवाजात घालवलंस.

एवढं काय त्यात, म्हणे.

ताई


सोमवार, १० मार्च
सकाळ

भोंग्या,

तुझं पत्र कुरियरने आलं. अक्षर अजून पाचवीतलंच आहे, पण लिहिलंस. कागदावर तू वेगळाच आहेस, हे मला माहीत नव्हतं. चेष्टा एकही नाही.

तू लिहितोस: “डुलकीची गोष्ट मी रचलेली नाही. मला ती बाबांनी सांगितली. मी सहा-सात वर्षांचा असेन. मी विचारलं होतं, आपल्या सिनेमात गाणं आधी का? ते म्हणाले, माझा डोळा लागला होता. मला ती गोष्ट फार आवडायची, ताई. आपले बाबाही चुकतात, असं वाटायचं. मी ती आयुष्यभर प्रेमाने सांगत आलो. आणि आता तू सांगतेस की तुला खरी गोष्ट माहीत होती, तू त्रिकोणसुद्धा रंगवलास, आणि मला घरातल्या कुणी कधीच सांगितलं नाही. मग सूत्रसंचालन कुणी दुसऱ्याने करावं. मी येत नाही. तिघांचं गुपित होतं ना, तुम्हीच गा.”

हे वाचून आधी मला तुझाच राग आला, कारण सवय. मग कागद घेऊन मी सरळ बाबांकडे गेले. ते न्हाणीघराच्या दारात आरसा धरून मानेवरचे केस स्वतःच कापायच्या तयारीत होते.

मी म्हटलं, “बाबा, भोंग्याला तुम्ही सांगितलं होतं डोळा लागला म्हणून?”

“हो.”

“हो काय हो? मी इकडे पानंच्या पानं लिहितेय! त्याला वाटेल ते बोलले. आणि तुम्ही ‘हो’ म्हणता?”

“तू विचारलंस कुठे? तू तर सरळ लिहायलाच बसलीस.”

“पण का सांगितलंत खोटं?”

त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, “अगं, फीत कापायला परवानगी नव्हती. सिनेमा कंपनीचा, फीत कंपनीची. कुणीतरी चुगली केली आणि कंपनीचा माणूस तपासायला आला. मुद्दाम केलं म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, ते एक वेळ चाललं असतं. पण गाणं परत शेवटी गेलं असतं. म्हणून म्हटलं, साहेब, डोळा लागला, चुकून जोडलं गेलं. तो हसला, दोन शिव्या दिल्या. मी त्याच्यासमोर गाणं जागेवर लावलं. त्याची गाडी वळली आणि परत काढलं.”

“ते कंपनीच्या माणसाला. भोंग्याला का?”

“त्याला काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत. म्हणून तर नाव भोंगा. रडण्यावरून नाही ठेवलं ते, लोकांना तसं वाटतं. पोराला खरं सांगितलं असतं तर चार दिवसांत कंपनीला कळलं असतं.”

“आणि मोठा झाल्यावर?”

बाबांनी आरसा खुंटीला लावला. मग म्हणाले, “मोठा झाल्यावर तो ती गोष्ट इतकी छान सांगायचा... तुझी आई पोट धरून हसायची. माझ्याच्याने मोडवेना.”

तर माझा राग आता कुणावर आहे, ते मी मोजलेलं नाही. तुझ्यावर आहेच: प्रेमाने सांगितलेली गोष्ट चार भिंतींत सांगतात, घोरण्याचा आवाज लावून साऱ्या मुलखाला नाही. बाबांवर आहे: काडी मोडली, केस राहिले, पण तोंड उघडलं नाही. आईवरही थोडा आहे, ती सगळ्यांत जास्त हसली म्हणून. माझ्यावर कुणी राग धरत असेल तर तेही चूक आहे. मला गप्प बस म्हणून सांगितलं होतं, मी बसले. गप्प बसणं हे माझं काम होतं, जसं बोलणं तुझं. दोघांनी आपापलं काम जरा जास्तच चोख केलं, असं फार तर म्हण.

एक गोष्ट मात्र मलाही आजच कळली. मी निघाले तसे बाबा म्हणाले, “आणि माझाही स्वार्थ होता त्यात.”

मी म्हटलं, “आता आणखी काय?”

“गाणं मूळच्या जागी होतं तेव्हा रीळ संपत आलेलं असायचं. मला दुसरं मशीन तापवायचं, पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका कधी येतो त्यावर डोळा ठेवायचा. गाणं कानावर पडायचं, पण ऐकता यायचं नाही. मध्यंतराआधी आणल्यावर पुढे काही लावायचंच नव्हतं. मग मी भोकाशी उभा राहायचो. तुझी आई कितव्या रांगेत बसलीय ते शोधायचो, आणि अख्खं गाणं ऐकायचो.”

तुझ्या कार्यक्रमाला कुणी बाबांचं आवडतं गाणं विचारलं नव्हतं. आपणही कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या नंबरवर आहे, कळव तुझ्या श्रोत्यांना.

“मी येत नाही” हे वाक्य मी वाचलेलं नाही. तिथे शाई फुटली होती असं समजते.

ताई


गुरुवार, १३ मार्च
दुकान बंद करून

भोंग्या,

आज सकाळी तू रेडिओवर बोललास. वाहतूक आणि हवामान यांच्या मधल्या फटीत! घोरायला पाव तास आणि खरं बोलायला एक फट? “माझे वडील झोपले नव्हते. ते जागे होते, आणि खाली कोण उठून जातंय ते बघत होते. चूक माझी.” तीन वाक्यं. मी पुढचं ऐकायला थांबले, तर तू सांगितलंस की पूल बंद आहे.

पण मग निरोपाचं गाणं लावलंस, अख्खं, मध्ये न बोलता. ते मी मान्य करते. बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले. दुकानात एक आजोबा चष्म्याच्या फ्रेमी घालून बघत होते, तेही उगाच उभे राहिले, राष्ट्रगीतच लागल्यासारखे. गाणं संपल्यावर बाबांनी काच पुसायचं फडकं उचललं आणि म्हणाले, “याने पूल आधी सांगायला हवा होता, लोक निघालेले असतात.” म्हणजे रागावलेले नाहीत. तुला कळत असेलच.

सलूनवाला दुपारी स्वतः दुकानात आला, कात्री-कंगवा घेऊन. माफी वगैरे मागितली नाही. “काका, मान दाखवा,” म्हणाला. तपासणीच्या खुर्चीत बसवून केस कापले. सगळे केस माझ्या भिंगांच्या ट्रेमध्ये. मी फक्त ट्रे झटकला.

मॅनेजरबाईंनी संध्याकाळी सांगितलं की पोस्टरं काढलीयत आणि तो शब्द सत्कारातून गेला आहे. हे सगळं तुझ्या फोनमुळे, असंही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, सिनेमा कुठल्या क्रमाने लावायचा? त्यांना कंपनीची रीतसर परवानगी मिळालीय, आता कात्री लागत नाही. मी म्हटलं, मला नाही, ऑपरेटरना विचारा. मग बाबा तासभर त्यांच्या कॉम्प्युटरशी बसले होते. त्या बाई बटण दाबायच्या, बाबा म्हणायचे, “अजून जरा आधी. तिने श्वास घेतलाय तो कापू नका.” गाणं मध्यंतराआधी आलं आहे. जोडावर टक् होत नाही, बाबांनी कान लावून तीनदा खात्री केली. शाईचा त्रिकोण लागत नाही, याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. मलाही.

तू सूत्रसंचालन सोडलंस ते सोडलंसच, असं बाई म्हणाल्या. ते मुख्याध्यापिका करणार आहेत. खदखदून हसल्याची भरपाई असावी. पॅकिंगमधल्या जुन्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांना पहिल्या दोन रांगा दिल्या आहेत. त्यातल्या एकीने निरोप पाठवला की ह्या वेळी कुणी भोंगा वाजवला तर ती स्वतः जाऊन बंद करेल. तो तुला उद्देशून नव्हता.

रविवारी तुझा सकाळचा कार्यक्रम असतो, हे मला माहीत आहे. तो संपवून निघणारी बस साडेचारच्या पुढेच पोचते, पूल बंद असला तर आणखी उशीर. म्हणजे निरोपाचं गाणं तुला काही मिळायचं नाही. मी हे बाबांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, आशा लावून बसू नका, यायचा असता तर आदल्या दिवशी आला असता, त्याची ती जुनी खोडच आहे, निघताना सांगत नाही आणि येताना कळवत नाही. बरंच बोलले.

बाबा सदऱ्याला बटण लावत होते. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, “मध्यंतरानंतर आला तरी चालेल. रंगारी तेव्हाच येतो.”

आमच्या दोघांच्या मधली खुर्ची ठेवली आहे. मी तिच्यावर माझी पिशवी ठेवणार आहे, आणि मध्यंतराचे दिवे पुन्हा मालवायला लागले की उचलून मांडीवर घेणार आहे.

ताई